उखळ तिच्याकडे, मुसळ हिच्याकडे

प्रोकिप गेला तो वसंतात. बर्फ वितळून गावच्या रस्त्यांचा नुसता राडा झाला होता. शवपेटी खांद्यावर घेतलेल्यांचे पाय रुतत होते, एकाचा बूट तर चिखलातच राहिला, आणि मागून चालणारी त्याची बायको उलिता रडता रडता मोठ्याने म्हणाली होती, "जन्मभर सगळीकडे उशीर केला या माणसाने, आणि आता बघा घाई! जमीन वाळेपर्यंत तरी थांबायचं होतंस रे!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण वावगं कोणालाच वाटलं नाही. उलिताची माया अशीच होती, तक्रारीच्या वाटेनेच बाहेर यायची. कोलखोजच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या गोठ्यात तिचं सारं आयुष्य गेलं. बाकीच्या बायका दूध काढताना गाईंशी लाडीगोडीने बोलायच्या, गाणी म्हणायच्या. उलिता करवादायची. "हल ना जरा, धोंडे! पाय घाल बादलीत, तेवढंच राहिलंय!" असं म्हणत म्हणत ती त्यांच्या आचळांना लोणी चोळायची, आणि दूध तिच्याच बादल्यांत जास्त पडायचं. का, ते मला विचारू नका. गाईंनाही कदाचित तोंडावर बोलणारं माणूस बरं वाटत असेल.

तिचं गाव वेर्बिव्का, पोलिस्यातल्या दलदलीच्या कडेचं. इथली जमीन राय आणि बटाट्यांची. गव्हाला ती रडतखडत हो म्हणते. तरी उलिता दर वर्षी घरामागे गव्हाची एक पट्टी पेरायचीच. पावासाठी नाही, पाव रायचाच. ही पट्टी एका वाडग्यासाठी असायची. नाताळच्या आदल्या दिवशी, पवित्र सांजेला, कुत्या लागतो: ओलवून कांडलेला गहू, मध आणि वाटलेली खसखस. त्या सांजेला घरातले जिवंत जेवतात आणि मेलेलेही. जेवण झालं तरी वाडगा टेबलावरून उचलत नाहीत, त्याच्या काठाला चमचे टेकवून ठेवतात, आणि मेलेली माणसं येऊन आपापला चमचा शोधतात. याबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. कोलखोजचा अध्यक्ष सभेत असल्या खुळचट समजुतींवर तासभर बोलायचा आणि पवित्र सांजेला सगळ्यांत आधी त्याच्याच घरचे पडदे ओढले जायचे.

तर या वर्षी प्रोकिपचा चमचा पहिल्यांदाच मेलेल्यांच्या बाजूला पडणार होता. दोन्ही मुली लांब दिल्या होत्या, हिवाळ्यात येणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणजे टेबलावर उलिता आणि तो, दोघंच. गहू होता, मध होता, खसखस होती. उखळ नव्हतं.

उखळ होतं तेक्लाकडे. तेक्ला म्हणजे प्रोकिपची थोरली बहीण, उलिताची नणंद. ओकच्या बुंध्याचं ते कंबरेएवढं उखळ त्या भावंडांच्या बापाने विस्तवाने जाळत जाळत कोरलं होतं. तेक्ला बापाच्या घरातच राहिली, कारण तिचा नवरा खोमा घरजावई होऊन आला. प्रोकिपने गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं घर बांधलं आणि जाताना उखळ नेलं. तेव्हापासून नणंद-भावजयीत जी जुंपली ती जुंपलीच. तेक्ला म्हणायची, बाप म्हणाला होता उखळ या घरातून हलवायचं नाही. उलिता म्हणायची, बाप म्हणाला होता उखळ मुलाचं. बाप खरं काय म्हणाला ते प्रोकिपला ठाऊक असणार, पण त्याला विचारलं की तो डोकं खाजवत म्हणायचा, "दोन्ही म्हणाला असेल." आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

मग दर हिवाळ्यात तेच ते. नाताळच्या थोडं आधी येणाऱ्या संत मिकोलाच्या सणाला तेक्ला घसरगाडीवर घालून उखळ न्यायची. पवित्र सांजेच्या आदल्या दिवशी प्रोकिप ते परत आणायला जायचा, आणि गेला की तिकडेच बसायचा. बहिणीच्या चुलीपाशी पाय शेकायचा, खोमाबरोबर घोटभर घ्यायचा, दोघं तासन्‌तास काही न बोलता भिंतीकडे बघायचे. इकडे उलिता गहू ओलवून बसलेली. अंधार पडल्यावर घसरगाडीचा करकर आवाज आला की ती दारात जाऊन ओरडायची, "उखळ आणायला गेला होतास की कोरायला?"

या वर्षीही मिकोलाच्या सणाला तेक्ला खोमाला घेऊन आली आणि उखळ घेऊन गेली. मुसळ खोमाने घेतलं असेल असं तेक्लाला वाटलं. खोमाला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि न सांगता खोमा नाकावरची माशीही हाकलत नसे. मुसळ भिंतीला टेकलेलंच राहिलं. उलिताने ते पाहिलं. घसरगाडी अजून कोपऱ्यावर होती, एक हाक पुरली असती. हाक न मारता तिने मुसळ उचललं आणि मोठ्या चुलीमागे नेऊन ठेवलं.

तिचा हिशेब सोपा होता. मुसळाशिवाय तेक्लाचं घोडं अडेल, ती मागायला येईल, आणि येताना उखळ आणेल. तिकडे तेक्लाचा हिशेबही तेवढाच सोपा होता. उखळाशिवाय वहिनीचं घोडं अडेल, ती मागायला येईल, आणि येताना मुसळ आणेल. मग दोघीही आपापल्या खिडकीत बसून रस्त्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं या दोन घरांमध्ये ये-जा करणारा माणूस एकच होता, आणि तो आता नाही, हे दोघींच्याही हिशेबात आलं नाही.

आणि बघता बघता पवित्र सांजेचा दिवस उजाडला. त्या दिवशी घरातून कोणतीच वस्तू बाहेर द्यायची नसते. मीठ नाही, विस्तव नाही, साधी चाळणसुद्धा नाही. दिली की तिच्या मागोमाग वर्षाची बरकत उंबरा ओलांडते. मागायलाही कोणी जात नाही. मागणाऱ्याला गाव पुढच्या नाताळापर्यंत नावं ठेवतं. उलिताने सकाळी डोळे उघडले, चुलीमागचं मुसळ पाहिलं आणि कपाळावर हात मारला. काल जायला हवं होतं. काल!

त्यात घरात पाहुणी. लारिसा नावाची ही मुलगी कीवहून आली होती, गावोगावचे शब्द गोळा करायला. ग्रामपरिषदेने तिला उलिताकडे उतरवलं होतं, एकटी बाई आहे, तेवढीच सोबत म्हणून. मुलगी वाईट नव्हती. न सांगता लाकडं फोडायची, विहिरीवरून पाणी आणायची. पण विचारायची. बाप रे, काय विचारायची!

"मावशी, याला काय म्हणता?"

"झाकण."

"आणि हे?"

"तेही झाकणच. तुमच्या कीवमध्ये भांडी उघडी ठेवतात का?"

आणि हे सकाळी उठल्यापासून. दाराच्या कडीला काय म्हणता, कडीच्या खिळ्याला काय म्हणता, गाय रुसली तर काय म्हणता. उलिताच्या अगदी नाकी नऊ आले होते. एकदा तर ती म्हणाली, "पोरी, तुझ्यासारखीला काय म्हणतात ते सांगू का?" लारिसा लगेच सरसावून बसली. "सांगा ना, मावशी." तिथे उलिताने हात टेकले.

त्या दिवशी सकाळी उलिताने मनाशी ठरवून टाकलं. जाऊ दे उखळ, खड्ड्यात जाऊ दे तेक्ला. गहू रात्रभर भिजवला होताच. तसाच सालासकट शिजवायचा. जरा चरचरीत लागेल, दातात अडकेल. प्रोकिपला दात होतेच कुठे फारसे? त्याच्या टेबलावर त्याचा वाडगा असेल ना, मग झालं. तिने भांडं चुलीच्या तोंडाशी सरकवलं.

"मावशी, गव्हाला इथे काय म्हणतात?" टेबलापाशी चहा पीत लारिसाने विचारलं.

"पशेनित्स्या. आणि कीवमध्ये?"

"तिथेही तेच."

"मग विचारतेस कशाला?" उलिताने पळी आपटली.

"कारण तो फार जुना शब्द आहे." लारिसाचे डोळे चमकले. ती शब्दांबद्दल बोलायला लागली की तिचा चहा गार व्हायचा. "आपण, पोलंडचे, बल्गेरियाचे, आपण सगळे स्लाव लोक एकच भाषा बोलत होतो ना, तेव्हाचा. तेव्हा चक्क्याही फारशा नव्हत्या. रायचं नाव आपण शेजारपाजारच्यांबरोबर वाटून घेतलंय, वरीच्या नावाचं मूळ तर अजून कोणाला धड सापडत नाही. पण गव्हाचं नाव आपल्या लोकांनी आपल्या हाताच्या कामावरून पाडलं. कांडणं, मावशी. जुन्या भाषेत पखाती. उखळात घालून कांडायचं ते धान्य, म्हणून पशेनित्स्या. तिकडे पार हिंदुस्थानात पिठाला जो शब्द आहे, तोही याच कुळातला."

"मग जा ना हिंदुस्थानात. तिथल्या बायकांना विचार कडीला काय म्हणतात."

पण उलिताचा हात भांड्यावर थबकला होता. तिने गव्हाकडे पाहिलं. फुगलेले, तांबूस, सालासकट दाणे.

"म्हणजे न कांडलेला असला, तर?"

"तर काय?"

"तर तो गहू, की नाही?"

लारिसा हसली. "नावाप्रमाणे धरलं तर अजून नुसता दाणा. कांडला की गहू."

उलिता स्टुलावर बसली. तिला लारिसाचा इतका राग आला, इतका राग आला! सकाळपासून मनाची जी कशीबशी समजूत घातली होती ती या मुलीने चहाच्या दोन घोटांमध्ये उधळून लावली होती. नुसता दाणा! प्रोकिप येईल, टेबलाशी बसेल, चमचा उचलेल, आणि त्याच्या वाडग्यात काय, तर कोंबड्यांना टाकतात ते.

"हे तू मला उद्या सांगितलं असतंस," ती शेवटी म्हणाली, "तर काय बिघडलं असतं तुझं?"

"काय झालं, मावशी?"

"काही झालं नाही. घाल बूट."

गहू तिने निथळून पिशवीत भरला आणि चुलीमागचं मुसळ ओढून काढलं. उंबऱ्याशी येऊन मात्र थांबली. आज घरातून वस्तू बाहेर जात नाही, आणि ही तर खांद्यावर मुसळ घेऊन निघालेली. क्षणभर विचार करून तिने देवाच्या तसबिरीकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "मी कोणाला देत नाहीये. माझं मुसळ आहे, माझ्याबरोबर फिरायला येतंय." मग उंबरा ओलांडला. मागे घरात टेबलावर पांढरा कपडा अंथरलेला होता, त्याखाली गवत, वर रिकामा वाडगा आणि प्रोकिपचा चमचा.

तेक्लाच्या घरी वेगळाच तमाशा चालला होता. स्वयंपाकघरभर गव्हाचे दाणे उडाले होते. खोमा गुडघ्यांवर रांगत बाकाखालचे दाणे वेचत होता. मधोमध उखळ, आणि उखळापाशी घामाघूम झालेली तेक्ला, हातात कुऱ्हाड. कुऱ्हाडीच्या दांड्याने ती गहू कांडत होती. दर घावाला निम्मे दाणे बाहेर.

उलिताला हसू आलं. पण तिने ते दाताखाली दाबलं. इथे हसायला आलो नाही.

"सणाच्या शुभेच्छा, वन्सं. कोणाला मारताय?"

"आलीस का!" तेक्लाने कुऱ्हाड टेकवली. "माझं मुसळ आणलंस?"

"माझं मुसळ मी आणलंय. माझं उखळ न्यायला."

"आज?" तेक्लाने छातीवर हात ठेवला. "पवित्र सांजेला? माझ्या घरातून वस्तू बाहेर? वहिनी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मी उसनं मागत नाहीये. माझी वस्तू परत नेतेय."

"परत असो की उसनी, उंबऱ्याला काय कळतंय? बाहेर गेली ती गेली."

"मग काल का नाही आणून दिलंत?"

"मग काल का नाही न्यायला आलीस?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दाराशी उभी राहून लारिसाने हळूच विचारलं, "वस्तू बाहेर न देण्याच्या या चालीला इथे काही खास नाव आहे का?"

"गप्प बस!" दोघी एकदम म्हणाल्या. त्या घरात इतक्या वर्षांत त्या दोघींचं एकमत झालं ते हे पहिलंच.

शेवटी उलिताने पिशवी बाकावर आपटली. "बरं. उखळ बाहेर येत नाही ना? नको येऊ दे. मी इथेच कांडते आणि गहू घेऊन जाते. बाजूला व्हा."

"आधी माझा होईल. माझा आत आहे."

"तुमचा आत आहे कसला, सगळा जमिनीवर आहे! मी ओलवून आणलाय, तो सुकेल. आधी माझा."

"घर कोणाचं?"

"मुसळ कोणाचं?"

"बापाचं!"

"बापाने ते दिलं कोणाला?"

हे असंच पहिला तारा निघेपर्यंत चाललं असतं. पण खोमा उठला. त्याच्या ओंजळीत बाकाखालचे वेचलेले दाणे होते. ते त्याने उखळात टाकले. मग बाकावरची उलिताची पिशवी उचलली, तिचं तोंड सोडलं आणि तीही उखळात उपडी केली. सगळी. बायकोचा गहू, मेव्हण्याच्या बायकोचा गहू, सगळा एक झाला. मग तो परत आपल्या जागी जाऊन बसला.

"अरे मेल्या!" तेक्ला ओरडली.

"अहो, काय केलंत हे!" उलिता ओरडली.

खोमाने भिंतीकडे पाहायला सुरुवात केली होती. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

आता कांडण्यावाचून इलाज नव्हता. मुसळ एकच, आणि एकमेकींच्या हाती एकटं सोडायला कोणीच तयार नाही. म्हणून दोघींनी मिळून धरलं, चार हात एका दांड्यावर. उखळ घुमायला लागलं. धप्‌, धप्‌. दाणे एकमेकांवर घासत होते, साल सुटत होतं. तोंडं चालूच होती.

"जोराने नको, दाणा फुटेल."

"माझा हात जड, हे तुम्ही माझ्या लग्नातही म्हणाला होतात."

"आहेच जड. पाणी शिंपड जरा."

"पाणी पुरे. चिखल करायचाय का?"

घामाने ओली झालेली तेक्ला मधेच थांबली. "पुरे झालं. एवढं चालतं."

"चालत नाही. अजून अर्धं साल तसंच आहे." उलिताने दम घेतला. "न कांडलेला गहू म्हणजे गहूच नव्हे. नुसता दाणा. विचारा या मुलीला. त्याचं नावच मुळी कांडण्यावरून पडलंय. हजार वर्षांपूर्वीच ठरून गेलंय ते."

तेक्लाने लारिसाकडे पाहिलं. लारिसाने मान हलवली. "हजाराहून जास्तच."

"आणि ठरवलं कोणी?"

"ते नाही सांगता येत," लारिसा म्हणाली.

"मला येतं सांगता," उलिता म्हणाली. "बाप्ये कशाला येताहेत नाव ठेवायला? कांडणाऱ्या दोघी बायकाच असणार. उखळ एकीचं आणि मुसळ दुसरीचं. त्यातल्या एकीला कंटाळा आला असेल, तर दुसरी म्हणाली असेल, अगं कांड, नाहीतर याला गहू कोण म्हणेल?"

"आणि जिला कंटाळा आला ती नणंद, असंच ना?"

"मी म्हटलं का तसं?"

"म्हणायची काय गरज आहे!" तेक्ला म्हणाली. पण तिने मुसळ पुन्हा धरलं, आणि या वेळी तिने स्वतःहून जोर लावला.

गहू पांढरा झाला. तेक्लाने तो सुपात घेऊन पाखडला, कोंडा उडाला, आणि सुपात उरलं ते इतकं नितळ, एकसारखं की खोमाही वाकून बघून गेला. खिडकीबाहेर बर्फ निळं व्हायला लागलं होतं. उलिताने पदरासारखा आपला मोठा रुमाल पसरला.

"घाला अर्धा. निघते मी. मला अजून शिजवायचाय."

तेक्लाने सूप मागे घेतलं. तिचा चेहरा पडला होता. जे आता बोलावं लागणार होतं ते तिलाही नको होतं. "वहिनी, हा आता माझ्या घरातला गहू आहे. आज बाहेर कसा देऊ?"

"आत्ता तर माझ्या पिशवीतून आत आला!"

"आत आला तो आला."

मग मात्र उलिताचा बांध फुटला. तिने रुमाल जमिनीवर फेकला. "घरी टेबल मांडून आलेय मी! गवत घातलंय, कपडा घातलाय, वाडगा ठेवलाय, त्याचा चमचा ठेवलाय! पहिलं वर्ष आहे त्याचं! येईल तो आणि रिकाम्या वाडग्यापाशी बसेल, माहितेय ना कसा बसायचा, मागणार नाही, काही बोलणार नाही, नुसता बसून राहील! आणि मग उपाशी जाईल. वन्सं, जिवंतपणी मी त्याला शंभर बोलले, पण उपाशी नाही ठेवलं कधी!"

तेक्लाने सूप उखळावर टेकवलं.

"म्हणूनच नेलं उखळ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज म्हाताऱ्या बाईचा झाला. "तुला वाटलं मी वस्तूसाठी भांडते. दर वर्षी यायचा ना तो उखळ न्यायला? तेवढाच एक दिवस माझ्याकडे बसायचा. बाकी वर्षभर तुझाच होता. म्हटलं या वर्षी तो ज्या घरी कुत्या खाईल, ते त्याच्या बापाचं घर असू दे. माझ्या हातचा असू दे. एवढंही नको का मला? तुझा नवरा होता, पण माझा भाऊ तर त्याच्याही आधीचा."

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच उलिताकडे तक्रार तयार नव्हती. आणि राग तर होताच. आता तो कोणावर काढायचा तेवढं कळत नव्हतं. शेवटी तिने तो वाडग्यावर काढला. "आणि माझ्या घरचा रिकामा वाडगा? त्याचं काय करू?"

तेव्हा खोमा बोलला. खोमाचा आवाज ऐकून लारिसाने दचकून त्याच्याकडे पाहिलं. तिला तो मुका वाटला होता.

"तिकडे जाईल आधी," खोमा भिंतीकडे बघत म्हणाला. "बघेल, उखळ नाही. मग येईल इकडे. कुठे यायचं ते ठाऊक आहे त्याला."

नणंद-भावजयी एकमेकींकडे पाहायला लागल्या. उखळ घरात नसलं की प्रोकिप इकडेच यायचा. दर वर्षी, बिनचूक. फक्त उशिरा.

"आणि आला की उठायचा नाही," उलिता म्हणाली.

"उठायचा नाही," तेक्लाने मान डोलावली. "गहू टाक शिजायला. खसखस वाटलेली आहे."

"मध किती घालता तुम्ही? मागे एकदा नुसता पाक केला होतात."

"त्याला आवडायचा."

"त्याला सगळंच आवडायचं, म्हणून काय सगळंच घालायचं?"

कुत्या झाला तोवर खिडकीत पहिला तारा दिसला होता. टेबलावर सणाचे ठरलेले बाराही पदार्थ मांडले गेले, मधोमध वाडगा. लारिसा बाकावर बसायला गेली तशी दोघी तिच्या अंगावर धावल्या.

"फुंकर! आधी फुंकर घाल बाकावर!"

"कोणाच्या मांडीवर बसशील, कळतंय का!"

लारिसाने घाबरून बाकावर फुंकर घातली. उलितानेही घातली, आपल्या जागेवर आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर. शेजारी घातली ती जरा जास्तच हळू, माणसाला थंडी वाजू नये अशी.

जेवणं झाली. वाडग्यात मुद्दाम बराच कुत्या उरवला होता. तेक्लाने आईबापाचे चमचे काठाला टेकवले. मग फडताळ उघडून तिने कापडात गुंडाळलेला एक लाकडी चमचा काढला, लहान मुलाचा, टोकाशी चावून चावून दातरलेला. तो तिने त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवला.

उलिताने चमच्याकडे पाहिलं. तिने तो याआधी कधीच पाहिला नव्हता. त्यावरचे दात मात्र ओळखीचे होते. हातातलं काहीही चावत बसायची त्याची सवय मरेपर्यंत गेली नव्हती.

"एवढ्याशा चमच्याने," ती म्हणाली, "त्याला खाता खाता उजाडेल."

"उजाडू दे," तेक्ला म्हणाली. "त्याला कधी घाई होती?"

"एकदाच केली मेल्याने," उलिता म्हणाली, आणि वाडग्यातला कुत्या चमच्याच्या जरा जवळ सरकवला.